तोटी उघडल्यावर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. त्या पितळी अर्धगोलांना लाख मी लावली होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. म्हणजे शिकवायला लावलं होतं. इंटर सायन्सला आपटून मी बी.ए. झालेला, पण शाळेला तेवढं सायन्सही पुरेसं वाटलं. नोकरी तात्पुरती. सरकारी खोक्यांतून आलेली उपकरणं काचेच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. काही फुटलं तर जबाब मास्तरानं द्यायचा, म्हणून सगळे प्रयोग फळ्यावर. खडूनं काढलेला पंप कधी बिघडत नाही.

नववीत एकच मुलगी होती, देऊळघाटच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याची. नाव घालायला आला तेव्हा बाप माझ्यासमोरच म्हणाला होता, "भावकी बोंबलून राह्यली सर, पोरीले काऊन धाडतो म्हून. म्या म्हनलं, शिकू द्या. पन शायेतून एक बोल जरी आला, तं त्या दिवशी दप्तर खुंटीले." हे तिला माहीत होतं. मलाही होतं.

मग इन्स्पेक्टर साहेब येणार असं कळलं. हेडमास्तर म्हणाले, "हवेचा दाब दाखवा. फळ्यावर नको, प्रत्यक्ष." माझं कायम होणं त्या तपासणीवर होतं. प्रयोग तसा सोपा. दोन पोकळ अर्धगोल तोंडाला तोंड लावायचे, पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, तोटी बंद करायची. मग बाहेरची हवा त्यांना अशी दाबून धरते की दोघांनी ओढले तरी सुटत नाहीत.

आदल्या दिवशी त्या मुलीनं सगळी उपकरणं पुसून ठेवली आणि घरी गेली. मग मी पंप मारून पाहिला. आतलं कातडी वायसर वाळून तडकलं होतं. नुसतं फुसफुसत होतं. हेडमास्तरांना सांगायची छाती झाली नाही, कारण वर्षभर मी तो पंप हातातही घेतला नव्हता. परीक्षेच्या गठ्ठ्यांवर सील मारायची लाख शाळेत होती. ती वितळवली, कडांना पातळ फासली, पितळ तापवून अर्धगोल एकमेकांवर दाबून बसवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पंप मारल्याचं सोंग केलं. दोन दांडगी पोरं दोन्हीकडून ओढायला लागली.

"ओढ नं बे! भाकर नाई खाल्ली का सकाळी?" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला, साहेबही हसले. "छान," म्हणाले. मी गोळा उचलून कपाटाकडे निघालो, तेवढ्यात ती उभी राहिली.

"सर, आता तोटी उघडा नं. हवा आत गेली का आपोआप सुटतीन. तुमीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. अर्धगोल चिकटून बसले एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. हवा आत घेतल्यावर ते अलगद सुटतात, तेव्हा कळतं की धरून ठेवणारी हवाच होती.

"हो, उघडा की," साहेब म्हणाले.

तोटी फिरवली. हवा आत शिरल्याचा आवाज नाही. पोरांनी पुन्हा ओढलं. गोळा सुटेना. समोर साहेब, दारात हेडमास्तर, पाठीला फळा. घामानं तोटी बोटांतून निसटत होती.

"हे काय, मास्तर?"

मला एकच फट दिसली, आणि मी तिच्यातून बाहेर पडलो.

"काल हे कोणी पुसले?"

"म्या, सर."

"कडांना काय लावलंस?"

"काईच नाई. कोरड्या फडक्यानं पुसले."

"मग चिकटले कसे?"

तिनं गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुलींच्या हातात कशाला देता असल्या वस्तू," साहेब म्हणाले, आणि पुढच्या वर्गावर गेले.

हेडमास्तरांनी बापाला बोलावून घेतलं. तो बाजारातून तसाच आला, टोपलीत उरलेली मेथी. "सर, माही पोरगी खोटं बोलत नाई. थे म्हन्ते, म्या काई नाई लावलं. पन तुमी शिकलेले मानसं. तुमी सांगा, तिनंच केलं का?"

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "पुसायला तिच्याकडेच होते."

शब्दानं ते खोटंही नव्हतं. इतकं बेतून बोललो मी.

"बरं," म्हणून त्यानं टोपली उचलली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावल्याचं पोरांकडून कळलं.

मी कायम झालो. सुट्टीत एकट्यानं गोळा स्टोव्हवर धरला. लाख पातळ झाली, अर्धगोल सुटले. पंपाचं वायसर चपला शिवणाऱ्याकडून करून घेतलं. त्याला घटकाभरही वेळ लागला नाही.

तो धडा मी अजून शिकवतो. पोरं दरवर्षी विचारतात, "सर, एवढी हवा डोक्यावर हाय, तं मानूस चेंगरत काऊन नाई?" मी सांगतो, आतूनही तेवढाच दाब असतो. बुलढाणा केवढंसं गाव. बाप बाजारात दिसला की तोच आधी रामराम करतो, पिशवीत कोथिंबीर कोंबतो. म्हणून भाजी आणायला मी आता मुलाला पाठवतो.

बाप देऊळघाटलाच आहे, ती सणाला माहेरी येते. त्यांच्या अंगणात, भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगायला हवं, की लाख मी लावली होती, तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.