नत्थुजींची मूठ

काजळखेडात वामनरावांच्या बैल हाकायच्या हाकेची नक्कल प्रत्येक जण करतो, पण ती साधते एकट्यालाच.

"हाऽऽव लखू... हळू माह्या बापा, हळूऽऽ!"

पहिला 'हाव' थेट पोटातून, खोल विहिरीतून बादली वर यावी तसा. 'लखू' अर्धा नाकात. आणि शेवटचा 'हळू' एवढा लांब, की तो संपेस्तोवर चांदूर बाजारची एसटी थांब्यावर येऊन, माणसं उतरवून, निघूनही जाते. पानठेल्यावरचे पोट्टे कोशिश करतात, पण कोणाचा आवाज फाटतो, कोणाला मध्येच हसू फुटतं. बरोबर काढायचा तो वामनरावांचा नातू किशोर. लहानपणी तो गोठ्यामागे लपून हाक द्यायचा आणि चरणारी जोडी मान वर करून आजोबांना शोधत राहायची. वामनराव हसून हसून बेजार. "पाह्यलं का? पोट्टा माहा गळाच घेऊन आला," असं साऱ्या गावाला सांगायचे.

वामनराव पंच्याहत्तरीचे. काळ्या रानाचा कास्तकार, गावात ट्रॅक्टर झाले तरी बैलजोडी न सोडणारा. आणि हाकेचं एवढं कौतुक अशासाठी, की हाकेशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. टोकाला टोचायची आर ठोकलेली काठी, म्हणजे तुतारी, जिने सारं वऱ्हाड बैल हाकतं, ती त्यांच्या घरात कधी आलीच नाही. बैलाला टोचायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची, नत्थुजींची, रीत.

त्या रितीची गोष्ट गावाला पाठ होती. बेचाळीसच्या चळवळीत गावातली माणसं पोलीस चौकीवर चालून गेली. पुढे परशराम, खांद्यावर ठासणीची बंदूक. चौकीत दोघेच शिपाई, भीतीनं पांढरे पडलेले. नत्थुजी दारात आडवे उभे राहिले. "चौकी जाळा. पण आंधी या दोघायले जाऊ द्या. नाही त पयले मले मारा." परशरामनं बंदूक खाली केली. शिपाई पळाले, मग चौकी पेटली. पुढे फौजफाटा आला तेव्हा परशराम मेळघाटात निघून गेला होता. तो कुठे आहे हे फक्त नत्थुजींना ठाऊक. त्यांना मारलं, विचारलं, पुन्हा मारलं. शेवटी उजवा हात दगडावर ठेवून बुटानं चेचला. नत्थुजींनी सांगितलं नाही ते नाहीच. परशराम जंगलातच तापानं मेला. नत्थुजी तुरुंगातून परतले ते मोडक्या बोटांनी. तो हात नंतर जन्मभर मिटला नाही. भाकरसुद्धा तळव्यावर ठेवून खायचे.

वामनरावांनी लहानपणी एकदा वडिलांना विचारलं होतं, "बाबा, तुमी तुतारी धरत नाही, ते हात मोडला म्हणून?"

नत्थुजी हसले. "डावा हाय ना, लेका! टोचाचं असतं त डाव्यानंही टोचता येते."

पोळ्याला गावातली मानाची जोडी त्यांची. आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली सारी बैलं गोळा करायची, झडत्या म्हणायच्या म्हणजे एकमेकांना यमकात टोले हाणायचे, आणि नत्थुजींची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटायचा. तिथून जोड्या दारोदार. नत्थुजी आपली जोडी सगळ्यांत आधी परशरामच्या दारी नेत. का, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. वामनरावांनीही तेच चालू ठेवलं. त्या घरात आता परशरामची नात सत्यभामा राहायची. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, अर्ध्या एकरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी लावून बाजारात विकणारी, जिभेची तिखट. बैलांचे पाय धुता धुता ती दरवर्षी म्हणायची, "वामनभाऊ, तुमच्या बैलायले माहं घर ठाऊक हाय. माणसायलेच सांगा लागते."

तर या गावात नत्थुजींचा पुतळा करायचं ठरलं. पुतळा समितीचा अध्यक्ष किशोर. रस्त्याला लागून कोण जागा देणार, असा प्रश्न आला तेव्हा वामनरावांनी आपल्या वावराचा रस्त्याकडचा कोपरा देऊन टाकला. नुसत्या शब्दावर.

"पण कसा करून राहिले पुतळा? हात कसा दाखवान?"

"तुमी फिकर नोका करू, आबा. पणजोबाचा फोटो मी सोता घेऊन जातो अकोल्याले."

भिंतीवरचा एकुलता एक फोटो किशोरनं उतरवून नेला. तिथे उजेडी चौकोन राहिला. वामनराव येता-जाता त्या चौकोनाला हात जोडायचे.

पोळ्याच्या दोन दिवस आधी अकोल्याहून टेम्पो आला. ताडपत्रीत बांधलेला पुतळा कोपऱ्यावरच्या चौथऱ्यावर चढला. गडी गेल्यावर वामनराव एकटेच जवळ गेले. खांद्यापाशी ताडपत्रीला टोक आलं होतं. त्यांनी दोरी सैल केली.

चेहरा हुबेहूब. नाक, कपाळ, डाव्या भुवईवरची खूणसुद्धा. बाबाच. आणि उजव्या हातात, खांद्याला टेकवलेली बंदूक. पाचही बोटं दस्त्याभोवती आवळलेली, घट्ट, शिरा फुगलेल्या.

वामनरावांनी त्या मुठीवर आपला हात ठेवला. वडिलांची मूठ मिटलेली ते जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

किशोर घरी आला तेव्हा ते ओसरीत बसले होते.

"काहून केलं रे असं?"

"काय, आबा?" मग आजोबांच्या तोंडाकडे बघून, "पाह्यला काय तुमी? अवो, सारे तसाच मांगत होते. हात जोडलेला पुतळा कोण पाहाले थांबते? आन खरं सांगू? हात जोडून इंग्रज गेले नाही. फौजेतले शिपाई बिथरले, जहाजावरचे खलाशी उठले, तवा त्यायले कापरं भरलं."

"असन तसंही. मी कवा म्हटलं का बंदुकवाले खोटे होते? माह्या बापानंही नाही म्हटलं. परशरामचा रस्ता माहा नाही म्हणे, पण त्यानं जे सोसलं ते माह्याहून कमी नाही. बंदूकवाला गावात होता ना, लेका! त्याचा कर पुतळा. मी दुसरा कोपरा देतो."

"परशरामले कोण ओळखते, आबा? ना जेल, ना फोटो. पणजोबाचं नाव हाय. दोघंही एकाच पुतळ्यात आले, असं समजा ना."



"दोघं आले नाही, किशोर. दोघंही गेले."

किशोर मऊ झाला. आजोबांच्या पायाशी बसला. "बरं, ऐका. पोळ्याले तो झाकलेलाच राहीन. मी समितीशी बोलतो. बंदूक काढता येते का पाहू. शपथ तुमची." आणि लगेच वामनरावांच्याच गळ्यात, "हळू माह्या बापा, हळूऽऽ!"

वामनराव हसले. नातवावर विश्वास ठेवायची सवय जुनी होती.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी जोडी धुतली, शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली. गुरं जमतात त्या आखरावर गेले तर गर्दी दरवर्षीपेक्षा दुप्पट. बाहेरचे पाहुणे, माईक, फटाके. वामनराव तोरणापाशी पोचले आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर ताडपत्री खाली घसरली. टाळ्या वाजल्या. माईकवरून किशोर बोलत होता, "माझे पणजोबा, ज्यांनी हातात बंदूक घेऊन चौकी पेटवली..." भाषा पुस्तकी, आवाज मात्र ओळखीचा. तो खोल 'हाव' पोटातून काढायची जागा वामनरावांनीच त्याला दाखवली होती.

त्यांनी लखू-चांद्याचे कासरे ओढले आणि जोडी वळवली.

गावाला कळेना. मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही. मागे ताटकळलेल्या जोड्या पाय आपटायला लागल्या.

"वामनराव, काय चालवलं बापा? येळ होऊन राहिली!"

"तुमचा पोळा तुमी फोडा. माही जोडी त्या मुठीपुढून जाणार नाही."

किशोर माईक टाकून धावत आला. तोंडावर हसू, पण पाहुण्यांसाठीचं. "आबा, लोकं पाहून राहिले. इज्जत जाईन माही."

"अन् माह्या बापाची?"

किशोरनं कासरे त्यांच्या हातातून काढून घेतले. ओढून नाही, हळूच. म्हाताऱ्या हातांनी सोडले. मग तो जोडीच्या मागे उभा राहिला, छाती भरली, आणि हाक दिली.

"हाऽऽव लखू... हळू माह्या बापा, हळूऽऽ!"

एक तसूभर फरक नाही. लखूचे कान हलले. चांद्यानं पाय उचलला. वामनराव पुढ्यात उभे होते, बैलांना दिसत होते, तरी जोडी त्यांच्या बाजूनं निघाली, तोरणाखालून गेली, पुतळ्यापुढून गेली. पोळा फुटला. कोणी तरी ओरडलं, "वा रे पठ्ठ्या, म्हाताऱ्याहून बरी मारते हाक!"

वामनराव मागून चालत राहिले. जोडीच्या मागे जायचं एवढंच पायांना माहीत होतं.

पाहुण्यांच्या चहाचा थाट सरपंचाच्या दारी होता. किशोरला जोडी तिकडे न्यायची होती. पण परशरामच्या गल्लीचा कोपरा आला आणि लखू वळला. चांद्या त्याच्या मागे. किशोरनं हाक दिली. जोडी थांबली नाही. पुन्हा दिली, अगदी बरोबर. लखू थेट सत्यभामाच्या दारात जाऊन उभा राहिला, जसा दरवर्षी राहतो.

सत्यभामा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन उंबऱ्यात होती. तिनं किशोरकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या पाहुण्यांकडे, आणि पोळ्याची झडती म्हणावी तशी खणखणीत म्हणाली,

"कोपऱ्यावर उभा राह्यला गडी, बंदूक खांद्याले,
बंदूक होती माह्या आज्याची, इचारा चांद्याले!
हर बोला, हर हर महादेव!"

बायकांमध्ये हशा फुटला. पाहुण्यांतला एक जण "काय म्हणाल्या त्या?" असं विचारू लागला. किशोरचे कान लाल झाले. शेजारच्या गड्याच्या हातातली तुतारी त्यानं हिसकली आणि लखूच्या पुठ्ठ्यात टोचली.

लखूला ते काय आहे हेच कळलं नाही. तो उडाला नाही, पळाला नाही. नव्या झुलीवर रक्ताचा ठिपका उमटला आणि तो मान वळवून मागे बघायला लागला. ज्याच्या आवाजावर इतकी वर्षं चाललो तो कुठे आहे, असा.

"आबा," किशोर पुटपुटला. तुतारी अजून त्याच्या मुठीत होती. "आबा, तुमी हाक मारा ना. तुमचं ऐकन तो."

वामनरावांनी तोंड उघडलं. 'हाव' पोटातून वर आला, गळ्यापाशी थांबला. लखू त्यांच्याकडेच बघत होता. आत्ता हाक दिली तर ती कोणाची, हे त्या जनावरानं कसं ओळखायचं?

त्यांनी तोंड मिटलं. पुढे गेले, लखूच्या मानेवर हात ठेवला आणि सत्यभामाकडे पाहून मान हलवली. तिनं तांब्यातलं पाणी लखूच्या पायावर ओतलं. किशोर थोडा वेळ उभा राहिला, मग पाहुण्यांच्या मागे गेला.

पुतळा तसाच आहे. वामनराव त्या वावरात अजून जोडी घेऊन जातात. फेरा संपला की लखूच्या पाठीवर हात ठेवून त्याला वळवतात. हाक देत नाहीत. पानठेल्यावरचे पोट्टे आता जिची नक्कल करतात, ती किशोरची हाक.