बाबांची बुडबुड्यांची बाटली

मिल बंद पडली, पण बाबांच्या छातीतली घरघर काही बंद पडेना. शेवटी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. त्याला पाण्याची बाटली जोडलेली. तिच्यातून बुडबुडत ऑक्सिजन नळीवाटे बाबांच्या नाकात जायचा.

बाबांचा सगळा जीव त्या बाटलीत. उभा जन्म सूत कातायच्या खात्यात, कापसाच्या धुळीत गेलेला. तिथे हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटत, म्हणून छतातून पाण्याचे फवारे चालत. आपल्याला सिलिंडर नाही, बाटली जगवते, असं त्यांचं ठाम मत. सारखं झाकण उघडून पाणी बघायचे. आई म्हणायची, "माझ्याकडे कधी इतक्या वेळा बघितलं नाही."

उघडझाक करून झाकण ढिलं झालं. एका दुपारी बुडबुडे थांबले. ऑक्सिजन झाकणातूनच निघून जात होता. बाबांचे ओठ निळे पडले. धावत जाऊन मी गल्लीतल्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी बाटली काढून नळी थेट सिलिंडरला जोडली.

"इतक्या कमी ऑक्सिजनला पाणी लागत नाही, काका. नाकच त्याला ओलं करतं."

बाबांनी नळी उपटून फेकली. "सूखी हवा देताय? पागल समजलात का, डॉक्टर साब? धागा टूट जाएगा!"

ओठ पुन्हा काळवंडायला लागले. मी रडकुंडीला आले. आई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धाग्याला नाक नसतं. तुम्हाला आहे, आणि चांगलं पसाभर आहे. लावा बरं!"

नाकाचा अभिमान होताच. फुरंगटून का होईना, त्यांनी नळी लावली. मग संध्याकाळपर्यंत बोट घालून नाक कोरडं पडलं का ते तपासत बसले. पडलं नव्हतं. ओठांवर रंग आला होता आणि चहा मागण्याइतका आवाजही.

डॉक्टर पुन्हा डोकावले तेव्हा बाबा फार खुशीत होते. "ये नाक आणखी काय काय करतं हो?"

"हवा गरम करतं, ओली करतं, धूळ अडवतं."

"धूळ पण?"

"जमेल तितकी."

बाबांनी नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मालकांनी धाग्यासाठी छतभर फवारे लावले, डॉक्टर साब. आमच्यासाठी बस हे नाकच होतं."