दुसऱ्यांचा ‘मी’

कागद टाइप करण्याआधी वाल्मीक बैसाणे समोरच्या माणसाला रोज एकच गोष्ट विचारायचे, “तुम्ही कुठं उभे होता?” भांडण बांधावरचं असो की एसटीतल्या जागेवरचं, माणूस उभा होता तिथून जेवढं दिसलं तेवढंच ते लिहीत. कोणी म्हणालं, “त्याच्या मनात पाप होतं,” तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, “त्याचं मन तुम्हाला कुठून दिसलं, भाऊ?”

अमळनेरच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टायपिंगचं टेबल एकतीस वर्षांपासून होतं. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. त्या टेबलाशी बसून ते किती जणांचा ‘मी’ झाले, त्याला गणती नव्हती. मी विधवा, मी भूमिहीन, मी खाली सही करणार. संध्याकाळी मान आखडलेली असायची, आणि घरी बायकोनं काही विचारलं तर स्वतःचं म्हणून बोलायला तोंडात फारसं उरलेलं नसायचं.

मार्चमधल्या एका दुपारी बोरी नदीकाठच्या खेड्यातला कौतिक पाटील बहिणीला घेऊन आला. वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा बहीण भावाला सोडणार होती, त्याचं हक्कसोडपत्र करायचं होतं. अशी पत्रं आठवड्याला दोन-तीन तरी यायची. कौतिक सांगत गेला, वाल्मीक टाइप करत गेले. कोकिळा मांडीवर पिशवी घेऊन स्टुलाच्या कडेवर बसून होती. तिला त्यांनी काही विचारलं नाही. असल्या कागदात कोणी कुठं उभं नसतं.

शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी मजकूर वाचून दाखवला. “मी, कोकिळा, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने...”

“नाना, हाई कोन बोली ऱ्हायनं?” कोकिळानं विचारलं.

“तुम्हीच, अक्का.”

“मी आशी नही बोलत.”

कौतिक हसला. “कागदवर बठ्ठा आसंच बोलतस, बाई.”

“मग तुम्ही कसं म्हणाल?” वाल्मीकांनी तिलाच विचारलं.

ती भावाकडे न बघता म्हणाली, “वावर माले बी पाहिजे. पन सही नही करी, ते दिवाळीले भाऊ माले माहेरले लेवाले येवाव नही.”

कौतिकचं हसू गेलं. वाल्मीकांनी की-बोर्ड बाजूला सारला. बारा वर्षांपूर्वी असाच एक कागद त्यांनी याच टेबलावर केला होता. धुळ्याला दिलेली त्यांची बहीण मंदाबाई तेव्हा खुर्चीमागे उभी होती. तिचा ‘मी’ त्यांनी एका दमात टाइप केला, आणि तिच्या हिश्श्याचं वावर आजवर तेच कसत होते. तिला काही विचारावं, असं तेव्हा सुचलंही नव्हतं.

“हा कागद मी नाही काढत,” ते म्हणाले.

“नाना, तुम्ही टायपिंग करतस का वकिली?” कौतिक उठला. पलीकडच्या टेबलावर पाव तासात त्याचा कागद तयार झाला. कोकिळा भावाच्या मागोमाग गेली. जाताना तिनं वाल्मीकांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ त्यांना लावता आला नाही.

पुढचं गिऱ्हाईक ताटकळत असताना त्यांनी मंदाबाईला फोन लावला.

“काय रे, घरी बरं शे ना सगळं?”

“बरं आहे. मंदे, तू वावराच्या कागदावर सही केलीस ना, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“तूच लिहिलं होतंस ना,” ती म्हणाली. “राजीखुशीनं होती मी. तुझ्याच कागदात तसं आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईक खाकरलं, तसा त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

“रविवारी सकाळच्या गाडीनं येतो,” ते म्हणाले. “या वेळी तू सांग, मी ऐकेन. माझीही भाकर टाक.”