यादी हेवीवेटांची, कुस्ती माझी

आजवर माझ्या हातून घोटाळे काही कमी झाले नाहीत. पण हलगी वाजवून, लाउडस्पीकरवर पुकारून, अख्ख्या गावासमोर झालेला हा एकच! चहा ओतून घ्या, सांगते.

माझे दिगंबरमामा मुदखेडजवळच्या एका गावात शेती करतात, पण त्यांचा जीव बॉक्सिंगमध्ये. गावात नवी व्यायामशाळा झाली तेव्हा त्यांनीच सुचवलं, दर्शनी भिंतीवर जगातल्या सर्वात मोठ्या दहा हेवीवेट बॉक्सरांची नावं रंगवायची, नंबरवार. कुस्तीच्या गावात बॉक्सर कशाला? मामांचं म्हणणं, पैलवानांची नावं लिहिली तर अमक्याच्या आज्याचं राहिलं, तमक्याच्या काकाचं खाली गेलं म्हणून मारामाऱ्या होतील. बॉक्सर सगळे तिकडचे. त्यांचे नातेवाईक काही भांडायला यायचे नाहीत.

नातेवाईक नाही येत हो, पण भाची येते, हे मामांच्या लक्षात आलं नव्हतं.

मी नांदेडला कॉलेज केलेली. जुन्या-नव्या सगळ्या लढती मोबाइलवर पाहिलेल्या. जत्रेला म्हणून गेले आणि थेट यादीतच घुसले. दोन चहांमध्ये नऊ नावं ठरली. पहिल्या नंबरावर गाडी अडली ती अडलीच. (नावं विचारू नका. घेतली की तुम्ही किस्सा सोडून माझ्याशीच भांडत बसाल!)

माझा बॉक्सर कधीच हरला नव्हता. मामांचा हरला होता, पण परत येऊन जिंकला होता.

“मामा, हरलेला माणूस पहिला कसा काय?”

“अगं, पडून उठला म्हणूनच तर पहिला!”

“हे बॉक्सिंग आहे मामा, कीर्तन नाही!”

“तुझं वय किती, तू काय बोलून राहिलीस!”

घ्या! मुद्दा संपला की वय काढायचं. या मोठ्या माणसांचं हे असंच असतं. मी आणखी आवाज चढवला. पेंटर रंगाचा डबा उघडून बसला होता, त्यातला रंग वाळायला लागला. शेवटी व्यायामशाळेचे प्रमुख, चाँदपाशा वस्ताद, मध्ये पडले. “बस करा की! आज जत्रेचं मैदान हाय. संध्याकाळी समद्या गावासमोर फैसला करू.”

मला तर हेच हवं होतं. दुपारभर मी भाषणाची तयारी केली.

संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान गच्च भरलं. आम्ही अगदी कडेला, पहिल्या रांगेत. कुस्त्या लागत होत्या, पण बघतंय कोण? माझं आणि मामांचं चालूच होतं. त्याच वेळी लातूरकडची एक सडपातळ पैलवान मुलगी हात वर करून मैदानात फेरी मारत होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता इथली एक रीत आहे. ज्या पैलवानाला जोड मिळालेली नसते, तो हात वर करून फिरतो. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं कडेला उभं राहून शड्डू ठोकायचा आणि हात वर करायचा. बोलायची गरजच नाही. ही रीत त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हती ती फक्त मला, दोन पदव्यांवालीला!

मामा म्हणाले, “काय बी म्हण, पहिला माझाच!”

माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठले, मांडीवर सटकन हात मारला, एक बोट आभाळाकडे केलं आणि ओरडले, “एक नंबर माझाच! हाय का कोणाची हिंमत?”

हलगी कडाडली. लोक उठून शिट्ट्या मारायला लागले. मला वाटलं, व्वा! गाव पुढारलं की! बॉक्सिंग कळतंय लोकांना!

पलीकडच्या स्टेजवरून वस्तादांनी माइकवर विचारलं, “तयार हाय का, बेटा?”

म्हटलं, चला, फैसला सुरू झाला. “केव्हाची तयार हाय!”

मामा माझी ओढणी ओढत होते. “अगं, खाली बस, अगं ते...”

“मामा, तुम्ही थांबा!”

“वजन किती?” वस्ताद.

“शंभराच्या वर!” मी अभिमानानं माझ्या बॉक्सरचं वजन सांगितलं.

सकाळच्या भांडणात वस्तादांनी माझा आवाजच काय तो नीट ऐकला होता, आणि आता एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार? “आन् हार किती झाल्या?”

“एक पण नाही!”

लाउडस्पीकर गरजला, “ऐका हो ऐका! दिगंबररावांची भाची! वजन शंभराच्या वर, आजवर हार न्हाई!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मैदानात पाहते तर ती सडपातळ मुलगी परत जाऊन बसली होती. शंभराच्या वर ऐकल्यावर तिच्या कोचनं तिच्या जागी दुसरी पाठवली होती. सुनीता नाव तिचं. काय सांगू, ती चालत आली तसा माझ्या अंगावर पडलेला उन्हाचा पट्टा नाहीसा झाला.

“मामा, मला माघार घ्यायचीय.”

“आता? माझं नाव पुकारलंय त्यात! उतर खाली!”

उतरले. ओढणी कमरेला बांधली आणि जे येत होतं ते केलं. मोबाइलमध्ये पाहिलेलं. दोन्ही मुठी तोंडापुढे धरून मातीत टुणटुण नाचायला लागले. मैदान हसून हसून आडवं झालं.

“मूठ सोड, बेटा! हितं ठोसे चालत न्हाईत!” वस्ताद ओरडले.

सुनीतानं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, “ताई, कधीपासून खेळून राहिलात?”

“आत्तापासून.”

“मग मान आत घ्या. अलगद ठेवते.”

आणि खरंच, भरली कळशी कट्ट्यावर ठेवावी तसं तिनं मला मातीत ठेवलं. पाठीवर. हलगीवाल्याचा हात अजून वरच होता, तोवर कुस्ती संपली.

मामा उठवायला आले. “लागलं का?”

“लागलं नाही.”

लागलं नाही म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, “हे बघ, तुझ्या नियमानं तू आता कुठंच न्हाईस. हारली, संपली. माझ्या नियमानं तुला अजून जागा हाय.”

मी केसांतली माती झाडली. वडीलधाऱ्या माणसाचा मुद्दा मला इतक्या झटपट आयुष्यात पटला नव्हता. “मामांचाच पहिला लिहा!” मी तिथूनच गर्दीत बसलेल्या पेंटरला ओरडून सांगितलं. गावानं टाळ्या वाजवल्या. सुनीतानंसुद्धा. मला भारी वाटलं. म्हटलं, हरूनही मोठं होता येतं की!

तेवढ्यात मामा स्टेजकडे वळले. “वस्ताद, लिहून घ्या! पोरीला माझा नियम मान्य हाय. पडला त्यानं उठून परत यायचं. पुढच्या जत्रेला हिची आन् सुनीताची जोड!”

“मामाऽऽ!”

हलगीनं माझा आवाज गिळून टाकला.

तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या रस्त्यानं रोज सकाळी धापा टाकत पळणारी एक मुलगी दिसली, तर तिला जगातला सर्वात मोठा हेवीवेट कोण, असं कृपा करून विचारू नका. नाव ती मामांच्याच बॉक्सरचं घेईल, शिव्या मात्र स्वतःला घालेल.