पाटाखालची गाडी

दिनेश गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. सकाळी चहा टाकला, त्याचा कप बशीने झाकून ठेवला आणि बाहेरच्या खोलीत हाक मारली. माझा धाकटा भाऊ झोपेचा पक्का होता, पण उठायला उशीर करणारा नव्हता. दुसऱ्या हाकेलाही तो हलला नाही तेव्हा मी जवळ गेले आणि गालाला हात लावला... गाल गार होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच आकडी आली असेल, अशा आजारात कधी कधी असं होतं, त्याला फार कळलंही नसेल. मी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात झोपलेली. मलाही काही कळलं नाही. आता तेरावा होऊन बरेच दिवस झाले. येणारी माणसं यायची थांबली आहेत. मला मात्र एकाच गोष्टीचं राहून राहून वाईट वाटतं. दिनेश मला सांगितल्याशिवाय कधी उठायचा नाही. तो मला कसा सांगायचा, ते आमच्या दोघांशिवाय फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी चार माणसांत बोलणारी बाई नाही. म्हणून लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी लिहायला येतं.

आमचं गाव बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. बदलापूरहून जीप जायची, त्यात पुढे तीन, मागे कितीही. दिनेशला ड्रायव्हरच्या शेजारीच बसायचं असे, आणि जागा नसली की माझ्या मांडीवर. तो डोळे मिटून घ्यायचा आणि सांगायचा, आता पूल आला, आता आंब्याचं वळण, आता खडी. कधी चुकायचा नाही. ड्रायव्हर हसून म्हणायचा, "याला गाडी बुडाने कळते. हा मोठा ड्रायव्हर होणार." असंच एकदा बाजार करून घरी जाताना तो माझ्या मांडीवर होता. रस्ता वाईट होता, जीप हादरत होती, आम्ही सगळेच हादरत होतो. मग जीप थांबली, माणसं उतरायला लागली, इंजीन बंद झालं... आणि दिनेश हलतच राहिला. ती त्याची पहिली आकडी. आईने कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, दुसऱ्या दिवशी भगताकडे नेलं. औषध पुढे खूप उशिरा, उल्हासनगरला आल्यावर सुरू झालं. त्याला एकटं सोडायचं नाही असं घरात ठरलं, आई-बाप भाताच्या कामाला जायचे, म्हणून मी शाळेतून घरी बसले. त्याचं मला कधी दुःख झालं नाही. पण त्या दिवसापासून काहीही हादरलं, साधी मांडणीवरची ताटं वाजली, तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नसे.

आई-बाप गेल्यावर आम्ही दोघंच उल्हासनगरच्या कॅम्प पाचला राहिलो. मी घरी जीन्सच्या पॅन्टचे धागे कापते. गठ्ठे येतात, पाटावर बसायचं, कात्री चालवायची. दिनेश हरेशभाईंच्या दुकानात स्पीकर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. हात फार चांगला होता. जळलेली कॉइल पुन्हा गुंडाळून दिली की स्पीकर नव्यासारखा बोलायचा. पण गाडीचं वेड काही गेलं नाही. आकडीवाल्याला लायसन नाही, आणि असतं तरी मी त्याला गाडीला हात लावू दिला नसता. दुकानातली पोरं त्याला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायची. तोही हसून म्हणायचा, तुमच्या गाड्या पंक्चर होतात, माझी नाही. घरी आल्यावर मात्र रस्त्यावरून कुणी गियर टाकत गेलं की घास हातात ठेवून ऐकत बसायचा.

मग त्याने घरातच गाडी करायला घेतली. कॉम्प्युटरवर शर्यतीचा खेळ असतो, त्याला स्टिअरिंग आणि पायातले ब्रेक जोडता येतात. भंगारातून एका व्हॅनची ड्रायव्हरची सीट आणली, वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली. डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, तोंडाला पदर लावून का होईना, पण विचारलं. त्यांनी तपासून सांगितलं की याची आकडी पडद्याच्या उजेडाने येणारी नाही. गोळ्या वेळेवर आणि झोप पुरेशी, एवढं पाळा. म्हणून खेळायचं ते संध्याकाळी, आणि जेवणाच्या आधी बंद, असा नियम झाला. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण एके दिवशी तो दुकानातून जुने मोठे स्पीकर घेऊन आला आणि त्यांचा पुढचा कागद ब्लेडने कापून काढायला बसला. कागद गेला की स्पीकर बोलत नाही, नुसता आतल्या आत ठोके मारतो. त्यावर लोखंडाचं वजन चिकटवलं की ठोका जड होतो. असे त्याने सीटच्या खाली डावीकडे एक, उजवीकडे एक आणि पाठीमागे एक बसवले. हरेशभाई बघायला आले होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "दीदी, दुनिया आवाजासाठी स्पीकर घेते. हा आवाज काढून टाकतो आणि हादरा ठेवतो. इसका क्या करें?"

दिनेशने मला त्या सीटवर बसवलं. मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. साडी सावरून बसले, त्याने माझा पाय पेडलवर ठेवला, आणि खालून इंजीन सुरू झालं. खरंच सुरू झालं. मांड्यांत, पाठीत, दातांत. गाडी वाकडी गेली तेव्हा डाव्या मांडीखाली खडखडलं. तो म्हणाला, रस्त्याच्या कडेचे दगड लागले बघ. मला जीप आठवली. मी उठले आणि आत गेले. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्या संध्याकाळी आमचं वाजलं. तो म्हणत होता, एवढी एक गोष्ट आहे जी मला करता येते. मी म्हटलं, कर ना, पण ही हादरणारी खुर्ची नको. का नको, का नको, असं तो विचारत राहिला तेव्हा शेवटी माझ्या तोंडून निघालं,

"आतून मला कसं कळणार, गाडी हलते का तू हलतोस ते?"

 त्याने सीटवर कापड टाकलं आणि दुकानात निघून गेला. पुष्कळ दिवस त्या कापडावर धूळ बसत होती. मलाच ते बघवेना.

मग एकदा मी गठ्ठा आणायला गेले होते, परत येते तर माझा बसायचा पाट उलटा पडलेला आणि दिनेश त्याला स्क्रू मारतोय. एक लहानसा, तसाच बिनकागदाचा स्पीकर त्याने पाटाखाली बसवला होता. पाटाला जुन्या स्लीपरच्या तळाचे रबराचे तुकडे पाय म्हणून लावले होते, शेजाऱ्यांच्या फरशीला हादरा जायला नको म्हणून. वायर भिंतीच्या कडेने बाहेरच्या खोलीत नेली होती. म्हणाला, "ताई, आता मी गाडी चालवेन तेव्हा तुझ्या पाटाला कळेल. गियर चढले-उतरले की समज मी चालवतोय. नुसती एकसारखी घरघर लागली, तर समज माझे हातपाय थांबले. मग ये बघायला."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मी पाटावर धागे कापत होते. पाट गुरगुरला, थांबला, मग अचानक कसेही वेडेवाकडे धक्के द्यायला लागला. मी कात्री टाकून धावले. बघते तर दिनेश कानाला हेडफोन लावून पोट धरून हसतोय. बदलापूरचा मकरंद म्हणून त्याचा एक मित्र होता, दोघं आपापल्या घरी बसून एकाच शर्यतीत खेळायचे, बोलायचे. त्या मकरंदने काहीतरी विनोद सांगितला होता आणि त्याचं बोलणं, हसणं सगळं माझ्या पाटाखाली आलं होतं. मी दाराला धरून उभी. माझा चेहरा बघून दिनेशचं हसू थांबलं. म्हणाला, "चुकलं. सगळं पाणी एकाच नळाला गेलं."

त्याने मला समजावलं ते असं. कॉम्प्युटरमधून सगळा आवाज एकत्र येतो, जसं बारवीचं पाणी सगळ्यांसाठी एकच येतं. पण चावीवाला असतो ना, तो या गल्लीची चावी उघडतो, त्या गल्लीची बंद करतो. तसा कॉम्प्युटरमध्येही एक चावीवाला बसवायचा. मित्रांचं बोलणं हेडफोनला, इंजिनाचा आवाज दुसऱ्या वायरने अॅम्प्लिफायरला, आणि तिथून सीटला आणि पाटाला. शिवाय मध्ये एक चाळण. बारीक आवाज वरच राहिला पाहिजे, नाहीतर पाट चिरचिरतो, फक्त जाड आवाज खाली पडला पाहिजे. चाळणीचं मला लगेच कळलं. तो दोन-तीन संध्याकाळी त्यातच होता. मी पाटावर बसायची, तो बाहेरून विचारायचा, आता? मी म्हणायची, मुंग्या येतात. आता? आता जड आहे, जातं फिरवल्यासारखं. "बस, तेच!" असं म्हणून तो एवढा खूश झाला की जेवताना दोनदा भात मागितला.

पुढे मला ती गाडी यायला लागली. चालवायला नाही, वाचायला. कुठल्या रस्त्यावर आहे ते मी पाटावरून सांगायची. एका रस्त्यावर लांब चढण होती, तिथे गियर पडायला वेळ लागायचा. एकावर पटापट तीन उतरायचे, मग वळण. दिनेश वळणाच्या आधी गियर थोडा लवकर उतरवायचा, त्याने मागे पडायचा, तरी सवय सुटली नाही. एकदा तो गाडी चालू ठेवून पाणी प्यायला उठला, पाट एकसारखा घरघरला, आणि मी पॅन्ट हातात घेऊन धावत बाहेर. तो माठापाशी उभा. माझा श्वास लागलेला बघून त्याने नियम केला. उठायच्या आधी गाडी जागेवर उभी करून पेडल दोनदा दाबायचं. पाटाला दोन धक्के. म्हणजे, झालं ताई, उठतो. मी आतून म्हणायची, "हां." मग इंजीन बंद. आणि एकदा ते दोन धक्के आले नाहीत, नुसती घरघर, घरघर... मी गेले तेव्हा तो सीटवर कलला होता, तोंडाला फेस. मी त्याला कुशीवर केलं, डोक्याखाली पॅन्टचा गठ्ठा दिला, थांबेपर्यंत धरून बसले. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी विचारलं, "कळलं ना तुला?" मी म्हटलं, लगेच कळलं. तो एवढ्या समाधानाने झोपला की विचारू नका. मलाही वाटलं, आता आपण जिंकलो. आता याला काही झालं तर मला कळल्याशिवाय राहत नाही.

झोपेचं आम्ही दोघांनीही काही केलं नव्हतं. झोपताना सगळं बंद असायचं. पाट भिंतीला उभा असायचा.

दहाव्याला शिवमंदिराजवळ वालधुनी नदीच्या काठावर विधी होते. माणसांत एक उंच, चष्मेवाला मुलगा मागे उभा होता. ओळख कुणाची नव्हती. तो माझ्यापुढे येऊन म्हणाला, ताई, मी मकरंद. त्याचा आवाज मी कानाने पहिल्यांदाच ऐकत होते, पण मला तो ओळखीचा वाटला. त्या फजितीच्या दिवशी तो माझ्या पाटाखाली हसला होता. मला हे त्याला सांगावंसं वाटलं. जमलं नाही. मी नुसती मान हलवली.

परवा तो आणि हरेशभाई घरी आले. हरेशभाई सीटकडे न बघता खाली बघून बसले. कॉम्प्युटर असाच पडून खराब होईल, म्हणून मकरंदने एकदा चालू करून बघू का, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि आत येऊन पाटावर बसले. घरात माणसं असली की मी आतच बसते. गठ्ठा पुढे ओढला. बाहेर मकरंद हरेशभाईंना सांगत होता की खेळात शेवटची शर्यत जशीच्या तशी साठवलेली राहते, ही दिनेश गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची आहे. आणि पाट गुरगुरला.

माझी कात्री थांबली. गियर चढले. लांब चढण आली. मग तीन उतरले, नेहमीसारखे जरा लवकर. उगाच लवकर उतरवतोस, असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेल. कडेचे दगड लागले. मी हात पाटाच्या फळीवर ठेवला. कुणी दुसरं चालवत असतं तर मला कळलं असतं, तो दिनेशच होता. त्या संध्याकाळी मी याच पाटावर भाकरीचं पीठ मळत होते, रोजचंच म्हणून नीट लक्षही दिलं नव्हतं. शर्यत संपली. गाडी उभी राहिली. एकसारखी घरघर लागली, आणि मी आपोआप उठायला लागले.

तेवढ्यात दोन धक्के आले.

"हां," मी म्हटलं.

घरघर बंद झाली. बाहेरून मकरंदने विचारलं, "ताई, काही म्हणालात का?"  पाट आता नुसता लाकडाचा पाट होता. तो सांगून उठला होता. मला मात्र पाटावरून उठायचं नव्हतं.