उलट्या टाळीचा सौदा

योरिट अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी लोकांनी त्याच्यापेक्षा त्याच्या आईचंच अभिनंदन जास्त केलं. आमच्याकडे रीतच तशी आहे. आत आलं की आधी ज्याचा वाढदिवस त्याचा हात हातात घ्यायचा, मग त्याच्या आईचा, मग आजोबांचा, मग मावशीचा, आणि एखादा शेजारी आधीच येऊन बसला असेल तर त्याचाही. सगळ्यांना "अभिनंदन हं, पोराचं!" म्हणायचं आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी रिकामी खुर्ची धरायची. मग कॉफी, लोण्याच्या केकचा एक तुकडा, आणि दोन तास जागचं हलायचं नाही. दुसरा तुकडा मागणारा माणूस आमच्या खीटन गावात अजून जन्माला यायचाय.

त्याची आई यांटिना कॉफीची किटली घेऊन त्या गोलात फिरत होती आणि हसून सगळ्यांचे आभार मानत होती. खरं तर कोणीतरी तिचं सांत्वन करायला हवं होतं. पोरगा सज्ञान झाला म्हणजे सरकारच्या लेखी ती आता कोणाची आई उरली नव्हती. मुलाचा भत्ता बंद. एकट्या आईला त्यावर मिळणारी भर बंद. आणि नवरा गेल्यापासून दरमहा येणारी विधवेची रक्कम, तीही धाकटं मूल अठराचं होईपर्यंतच. तिन्ही नळ एकदमच बंद होणार होते. थोरली मुलगी मारिट अठराची झाली तेव्हाही चटका बसला होता, पण तेव्हा योरिट लहान होता आणि त्याच्या जिवावर घर चालत राहिलं. आता मारिट लग्न करून झ्वोलेला गेलेली, आणि योरिटच्या मागे रांगेत कोणीच नव्हतं.

हे सगळं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण तिचे वडील रूलोफ तिथे बसले होते, आणि ते असले की झाकून ठेवलेल्या गोष्टीचं काही खरं नसे. वय एक्याऐंशी. जन्मभर घोड्यांचा आणि गाईंचा व्यापार केलेला. झाउडलारेनच्या घोडेबाजारात लोक त्यांना आवाजावरून ओळखायचे, आणि कानाला यंत्र लागल्यापासून तो आवाज आणखीच वाढला होता.

"काय गं यांटिना," ते गोलाच्या त्या टोकावरून म्हणाले, "आता पोराकडून खानावळीचे किती घेणार?"

कमावतं मूल घरात राहिलं तर त्याने राहण्याखाण्याचे पैसे द्यायचे, यात आमच्याकडे कोणालाच वावगं वाटत नाही. वाद होतो तो किती द्यायचे यावर. तो लगेच सुरू झाला.

"मी महिन्याला दोनशे युरो घेत होते," यांटिनाची थोरली बहीण हिल्ली म्हणाली. "कपडे धुण्यासकट."

"आम्ही दीडशेच घ्यायचो," शेजारचा हार्म म्हणाला.

"दीडशेत काय देत होतास रे त्याला? पाव आणि सुपाचा वास?"

योरिट खाली मान घालून केकचे बारीक बारीक तुकडे करत होता. त्याचे कान लाल झाले होते. तो गवती छपरं शाकारायचं काम शिकत होता, चार दिवस छपरावर आणि एक दिवस शाळेत. पगार बेताचाच, पण त्याचा स्वतःचा. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात यांटिनाने किटली टेबलावर आदळली.

"माझ्या घरात माझं पोर एक सेंटही देणार नाही!" ती म्हणाली. "मी दिलेत तेवढे पुरेत."

शेवटचं वाक्य वडिलांकडे बघून होतं, हे सगळ्यांना कळलं. सगळे कपात चमचे फिरवायला लागले. रूलोफ शांतपणे केक चावत राहिले.

तिच्या त्या बोलण्याला कारण होतं. यांटिना सोळाव्या वर्षी बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात कामाला लागली. पहिल्याच शुक्रवारी वडिलांनी तिला स्वयंपाकघरात समोर उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितलं. बाजारात आमच्याकडे सौदा टाळीवर होतो. एकाने किंमत बोलून दुसऱ्याच्या पंजावर सणसणीत टाळी द्यायची, दुसऱ्याने आपली किंमत बोलून ती परत करायची. असं चालत राहतं. शेवटच्या टाळीला हात सुटत नाही, पकडला जातो. तो सौदा पक्का, आणि तो मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कोणी उभं करत नाही. रूलोफनी खानावळीची आपली किंमत बोलली आणि ते तिथून एक पाऊलही खाली आले नाहीत. पोरीचा पंजा लाल झाला, तीच चढत चढत त्यांच्या आकड्यापर्यंत गेली. आपल्याच घरात आपला कालवडीसारखा भाव झाला, असं तिला वाटलं, आणि ते ती विसरली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती स्वतःचा ट्रक असलेल्या पहिल्या माणसाबरोबर घरातून निघून गेली. तो माणूस चांगला निघाला हे तिचं नशीब, आणि फार लवकर गेला हे दुर्दैव.

तर शब्द देऊन बसली बाई. मग जानेवारी आला आणि नळ बंद झाले.

यांटिना रडत बसणाऱ्यातली नाही. तिने गाडी भाच्याला विकली आणि सायकल काढली. घरातला हीटर तीन डिग्री खाली आणला आणि स्वेटरवर स्वेटर चढवले. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन साफसफाई करायची तिची नोकरी होती, तिथे तिने आणखी तास मागून घेतले. गुडघे कुरकुरले, पण त्यांना विचारतंय कोण! त्यातल्या एका ब्याण्णव वर्षांच्या बाईंनी तिची कहाणी ऐकून सल्ला दिला, "दुसरं लग्न कर."

"कोणाशी?"

"ते मला काय विचारतेस? मिळाला असता तर मीच नसता का केला?"

एवढं करूनही महिन्याच्या शेवटी तोंडमिळवणी होईना. घराचं भाडं हाच मोठा घास होता. तीन खोल्यांचं घर, मागे वाफा, वाफ्यात नवऱ्याने लावलेलं नासपतीचं झाड. शेवटी तिने गुपचूप भाड्याच्या घरांच्या संस्थेकडे लहान जागा मागितली. संस्थेने आसेनला एक देऊ केली. चौथा मजला, लिफ्ट, निजायला एकच खोली. मेच्या पहिल्या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. योरिटच्या एका मित्राने ग्रोनिंगन शहरात खोली बघितली होती, त्याला जोडीदार हवा होता. म्हणजे पोराचीही सोय होईल, असं तिने स्वतःला समजावलं. पण घरी येऊन पोराचे चिखलाचे बूट दारात दिसले की ती समजूत टिकत नसे. नवरा गेल्यापासून तेरा वर्षं तिने ते घर दोघा मुलांसाठी धरून ठेवलं होतं. आता पैसे मागितले तर शब्द जातो, आणि न मागावे तर घर जातं, पोरगा जातो.

योरिटला यातलं काही माहीत नव्हतं, पण तो आंधळाही नव्हता. एका सकाळी त्याने पावावरचा चीजचा काप उचलून उजेडात धरला.

"आई, हे चीज आहे की खिडकीची काच? मला यातून हार्मकाका दिसतायत."

"पातळ चीजला चव जास्त असते."

"मग चीज घातलंच नाही तर किती चव येईल!"

ती हसली आणि विषय बदलला.

एप्रिलच्या अखेरीला, राजाच्या वाढदिवसाला, अख्खं गाव रस्त्यावर चादरी अंथरतं आणि घरातलं नको ते विकायला मांडतं. वर्षातून तेवढ्या एका दिवशी कोणाची परवानगी लागत नाही. यांटिनाने आदल्या संध्याकाळीच चर्चच्या कोपऱ्यावर खडूने जागा आखून ठेवली होती. सकाळी तिथे योरिटचं सगळं लहानपण मांडलं होतं. बर्फावरचे स्केट, लाकडी आगगाडी, चित्रांची कोडी, आणि मधोमध रूलोफनी स्वतःच्या हातांनी बनवलेली, बर्फावरून ओढायची घसरगाडी. रूलोफ राजघराण्याच्या रंगाची नारिंगी टोपी घालून शेजारी घडीच्या खुर्चीवर बसले होते. आपण नुसते सोबतीला आलोय असं ते सांगत, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला घाम फोडत.

योरिट मित्रांबरोबर ग्रोनिंगनला जाणार होता. पण बस चुकली म्हणून तो हातात नारिंगी साखरेचा केक घेऊन चर्चच्या कोपऱ्यावरून वळला आणि थांबलाच.

"आई! माझी घसरगाडी?"

"बर्फ पडतो कुठे आता?"

"आणि स्केट?"

"तुझा नुसता अंगठा मावेल त्यात."

"पण सगळंच का विकतेयस?"

"घरात जरा जागा होते."

"जागा? मारिटताईची अख्खी खोली रिकामी पडलीय!"

यांटिनाने शेवटी एकट्या हिल्लीला विश्वासात घेतलं होतं, तिच्याकडून रूलोफना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी ते दोन आठवडे पोटात ठेवलं होतं. त्यांच्या मानाने हा विक्रमच.

"तुझी आई आसेनला चाललीये," ते म्हणाले. "एका खोलीत. तुला काय गॅलरीत ठेवणार?"

"बाबा!"

"ओरडू नकोस. कानाला यंत्र आहे माझ्या."

योरिट घसरगाडीवर बसला. केक त्याच्या हातात तसाच राहिला. "म्हणजे मी ग्रोनिंगनला जायचं हे ठरलंय तर."

"तिथे तुझे मित्र आहेत, मजा असते..."

"आई, मी छपरं शाकारतो. ग्रोनिंगनला काय शाकारू, रेल्वे स्टेशन?" मग तो हातातल्या केककडे बघत म्हणाला, "मी त्या दिवशी विचारणारच होतो, महिन्याला किती देऊ म्हणून. तू किटली अशी आदळलीस, की पुन्हा विषय काढायची छातीच झाली नाही."

"मी सगळ्यांसमोर बोललेय रे. आता कुठल्या तोंडाने घेऊ?"

"टाळी दिली होतीस?" रूलोफनी विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी बोललीस तेव्हा कोणाच्या हातावर टाळी दिली होतीस?"

"नाही. टाळी कशाला देईन?"

"मग तो शब्द कसला! टाळीशिवाय बाजारात मी काय काय बोललोय, ते सगळं खरं करायचं तर मला हत्ती विकत घ्यावा लागला असता."

योरिट उठला. केक आजोबांच्या मांडीवर ठेवला, पँटला हात पुसला आणि आईसमोर उभा राहिला. लहानपणी याच आजोबांनी त्याला गोळ्याचॉकलेटांवर हा खेळ शिकवला होता.

"तीनशे!" तो म्हणाला आणि पंजा पुढे केला.

यांटिनाने सोळाव्या वर्षानंतर कोणाशी असा सौदा केला नव्हता. करणार नाही, असंच तिने ठरवलं होतं. पण हात आपसूक वर आला.

"पन्नास," ती म्हणाली. टाळी कडाडली.

"दोनशे ऐंशी, आणि भांडी मी घासणार!"

"शंभर, आणि भांडी तूच घासणार."

आजूबाजूच्या चादरींवरची माणसं गोळा व्हायला लागली. रूलोफनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तू विकणारी आहेस! वर जा, वर! आणि तू रे गाढवा, तू खाली यायचं! साठ वर्षांच्या धंद्यात असला उलटा सौदा मी पाहिला नाही!"

"अडीचशे, आणि चीज निदान डोळ्याला दिसेल एवढं जाड!"

"दीडशे, आणि हीटर एक डिग्री वर."

"दोनशे," योरिट म्हणाला, "आणि मारिटताईच्या खोलीत आमच्या कामावरचा सीब्रेन. सोमवार ते शुक्रवार. फ्रीसलंडहून रोज दीड तास गाडी चालवत येतो बिचारा, इकडे खोली शोधतोय. त्याच्या भाड्याचे वेगळे."

यांटिनाचा हात हवेतच थांबला. "संस्थेची परवानगी लागेल."

"काढू की. पण आसेनला नाही म्हणून कळवायचं."

तिने मनातल्या मनात हिशेब केला. सगळं भोक बुजत नव्हतं, पण घर राहत होतं. तिने टाळी दिली, आणि पोराने हात सोडला नाही. जमलेल्या लोकांनी ओरडून दाद दिली. पोराचा तळवा खरखरीत झाला होता, बोटांवर गवताच्या पात्यांनी कापल्याच्या खुणा होत्या, आणि तिचा पंजा त्यात पुरता झाकला गेला होता. बापाच्या दफनाच्या दिवशी याच हाताने तिचं एक बोट धरलं होतं. यांटिनाला रडू आलं, आणि चारचौघांत रडताना तिला लाजही वाटली नाही.

लोक पांगले. योरिट कॉफी आणायला गेला. यांटिना वडिलांच्या खुर्चीशेजारी चादरीवर बसली.

"बाबा, माझ्या वेळी तुम्ही एकदाही खाली का आला नाहीत?"

ऐकायचं नसलं की रूलोफ यंत्र काढून पुसत बसत. या वेळी त्यांचा हात कानाकडे गेला आणि परत आला.

"त्या वर्षी माझे तीन घोडे मेले. बँक दारात होती. खाली यायला जागाच नव्हती गं."

"मग मला तसं सांगायचं होतं. मी काय नाही म्हटलं असतं?"

"तू सांगितलंस का तुझ्या पोराला?"

इतकी वर्षं जो राग यांटिनाने जपला होता, तो आता नेमका कोणावर धरायचा हे तिला कळेना.

रूलोफनी मांडीवरचा केक बाजूला ठेवला आणि काठीने घसरगाडीकडे दाखवलं. "ही केवढ्याला?"

"तुम्हीच तर बनवलीय ती."

"ते मी विचारलं नाही. केवढ्याला?"

"दहा," ती म्हणाली.

रूलोफ काठी टेकत उठले. तीही उठून समोर येईपर्यंत आणि हात पुढे करेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी सणसणीत टाळी दिली.

"साठ!"