चौतीस भूमिका आणि एक रकाना

क्लेटनच्या आमच्या लायब्ररीत मंगळवारी दुपारी वयस्कर लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा तास असतो. त्या मंगळवारी तो माझ्या गळ्यात पडला. सकाळपासून उभी होते, पायांचे तुकडे पडले होते. पासवर्ड विसरलेल्या तीन आजोबांनंतर ऐंशी ओलांडलेली एक इटालियन बाई समोर येऊन बसली. हातात चार कागद, बारीक तिरक्या अक्षरात लिहिलेले. ती ऑपेरात गायची. येत्या रविवारी इटालियन क्लबात तिचा सत्कार होता आणि तिच्या सगळ्या भूमिकांची यादी तिला तिथे वाटायची होती.

चौतीस भूमिका. मी टाइप करत होते आणि ती प्रत्येकीची गोष्ट एका वाक्यात उरकत होती. ही क्षयाने जाते, ही विष घेते, हिला नवरा संशयावरून मारतो.

"एकही जगत नाही का?" मी विचारलं.

"विनोदी ऑपेरात जगतात. माझा आवाज मरणाऱ्यांचा होता."

मी पडले पुण्याची. रकान्यांशिवाय यादी माझ्या हातून होतच नाही. प्रत्येक भूमिकेपुढे मी 'कुठे गायल्या' असा रकाना काढला आणि विचारत सुटले. सात थिएटरं तिने भराभर सांगितली. मग ती कागद उगाच खालीवर करू लागली.

हळूहळू कळलं. उरलेल्या सत्तावीस भूमिकांत ती बदली गायिका होती. अख्खी भूमिका पाठ करायची, आवाज तापवून थिएटरात बसायचं आणि मुख्य गायिका आजारी पडली तरच स्टेजवर जायचं. शेवटचा अंक सुरू झाला की घरी. आधी इटलीत, मग इकडे सिडनीत, तीस वर्षं. त्या सत्तावीस वेळा कुणी आजारी पडलंच नाही.

"रकाना काढून टाक," ती म्हणाली. "क्लबातल्यांना वाटतं मी सगळं गायले. मी कधी नाही म्हटलं नाही."

"नो वरीज," मी म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, माझं काय जातंय? रकाना पुसला.

प्रिंटर सुरू होईपर्यंत तिने सहज विचारलं, "मागच्या मंगळवारी तू नव्हतीस?"

मी कॅज्युअल आहे, मी सांगितलं. इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकले, इथे राहायचा पीआर मिळाला, पण सहा वर्षांत कायमची जागा काही मिळाली नाही. कुणी आजारी पडलं की सकाळी मला फोन येतो.

"आणि फोन आला की आनंद होतो," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

"मी चर्चमध्ये गुडघे टेकून दुसरीचा घसा बसावा म्हणून प्रार्थना करायचे. एकदा बसला. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. त्या रात्री मी गायले, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिचा आवाज परत आलाच नाही. मी तिला भेटायलाही गेले नाही." तिने कागद सारखे केले. "रकाना परत घाल. चौतिसांच्या गर्दीत तिची रात्र दिसत नाही."

मी घातला. सत्तावीस ओळींपुढे तिने एकच शब्द सांगितला, 'तयार'. आणि एका ओळीपुढे, थिएटरच्या नावानंतर, 'मैत्रिणीच्या जागी'. पन्नास प्रती घेऊन ती गेली. मला तिचा राग आला, खरं सांगते. माझ्या मनातलं तिने असं उघड्यावर आणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला. मुलांच्या विभागातली माझी मैत्रीण आठवडाभर सिक लीव्हवर होती, तिच्या शिफ्ट्स करशील का? त्याचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणाले. डबा भरला, ट्रेन पकडली. क्लेटन यायला एक स्टेशन उरलं तेव्हा लक्षात आलं, तिला काय झालंय हे मी विचारलंच नव्हतं.